भाड्याने दिलेल्या घराची देखभाल: बिघडण्याआधी काय पाहावं, कधी पाहावं, कसं पाहावं

कपाट सरकवलं आणि मागच्या भिंतीला हात लावला, तर ती गार लागली. कमरेच्या उंचीवर दोन हात रुंदीचा काळा डाग होता, रंगाचे पोपडे सुटले होते आणि कपाटाच्या पाठीच्या प्लायवूडचे पदर एकेक करून उलगडले होते. भिंतीच्या पलीकडे बाथरूम. तिथल्या अँगल कॉकचा, म्हणजे भिंतीतून निघणाऱ्या पाण्याच्या छोट्या कॉकचा, नट किंचित सैल होता आणि भिंतीच्या आत, कुणाला न दिसता, पाणी झिरपत होतं. घर सोडून निघालेल्या ताई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "दीड वर्षापासून वास येत होता. पण सांगितलं तर डिपॉझिटमधून कापाल असं वाटलं."

त्यांचं चुकलं नव्हतं. करारात मीच तसं वाक्य घालून ठेवलं होतं. पाना आणि टेफ्लॉन टेप घेऊन पंधरा मिनिटांत संपलं असतं ते काम टाइल्स फोडणं, पाइप बदलणं, गिलावा, पुट्टी, रंग आणि नवीन कपाट इथवर गेलं. शिवाय घर दीड महिना रिकामं राहिलं.

तेव्हापासून मी भाड्याच्या घराच्या देखभालीकडे वेगळ्या नजरेने पाहतो. घर बिघडण्याआधी खुणा देतंच. त्या खुणा सगळ्यात आधी दिसतात तिथे राहणाऱ्याला, आणि त्याने सांगितलं नाही तर मालकाला कळायला काहीही मार्ग नसतो. म्हणून या लेखातली पहिली पायरी पाना हातात घेण्याची नाही.

पायरी १: सांगणं सोपं करा

करार करताना दुरुस्तीचं कलम नीट बसून लिहा. झिजेने होणारा बिघाड (नळाचा वॉशर, जुना पाइप, गिझरचा एलिमेंट, भिंतीची ओल) मालकाचा. हाताने झालेलं नुकसान (फुटलेलं बेसिन, तुटलेली काच) भाडेकरूचं. आणि बल्ब, बॅटरी, एसीची जाळी धुणं असली बारीक रोजची कामं भाडेकरूची. कायदा जागोजागी वेगळा असतो, तो पाहून घ्याच. पण एक वाक्य मी प्रत्येक करारात घालतो: "गळती, ओल किंवा विजेचा बिघाड दिसताच कळवल्यास त्याचा खर्च भाडेकरूकडून घेतला जाणार नाही." या एका वाक्याने माझं जितकं नुकसान टळलं तितकं कुठल्याही वॉटरप्रूफिंगने टळलेलं नाही.

तक्रार कशी करायची तेही सांगून ठेवा: एक फोटो, एक ओळ. तुमचं उत्तर त्याच दिवशी गेलं पाहिजे, काम चार दिवसांनी होणार असलं तरी. तक्रार करूनही आठवडाभर उत्तर आलं नाही, की पुढची तक्रार येत नाही. मालकाला वाटतं घर ठीक चाललंय.

घराचा ताबा देताना एक फेरी मारा. पाण्याचा मुख्य कॉक कुठे, विजेचा मेन स्विच कुठला, गॅस कुठून बंद होतो हे नुसतं बोटाने दाखवू नका. भाडेकरूला स्वतःच्या हाताने बंद-चालू करायला लावा. रात्री पाइप फुटला तर तुम्ही तिथे नसता, तोच असतो. आणि तो कॉक वर्षानुवर्षं न फिरवल्याने अडकलेला असेल, तर ते त्याच फेरीत कळतं. असे कॉक सहा महिन्यांतून एकदा पूर्ण बंद करून पुन्हा उघडावेत, म्हणजे क्षार साचून जाम होत नाहीत.

पायरी २: घराची वही

कागदाची असो वा फोनमधली, प्रत्येक घराची वेगळी वही हवी. गिझर, पंप, एसी यांची मॉडेल आणि बसवल्याच्या तारखा, वॉरंटीच्या पावत्या, रंगाचा शेड नंबर, कुठल्या खोलीत कुठली टाइल आणि उरलेल्या टाइल्स कुठे ठेवल्यात. उरलेल्या टाइल्स टाकून देऊ नका. तीन वर्षांनी ती छटा बाजारात मिळत नाही आणि एका टाइलपायी अख्खी भिंत बदलण्याची पाळी येते.

भिंत फोडून काम झालं, तर ती बंद करण्याआधी आतल्या पाइपचा आणि वायरिंगचा फोटो काढा, तोही मोजपट्टी लावून: जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती. पुढे कुणी ड्रिल मारायला आलं की हा फोटो कामाला येतो.

ताबा देताना प्रत्येक खोलीचे चारही कोपरे, छत, सिंकखालची जागा आणि खिडक्यांच्या खालच्या भिंती यांचे तारखेसह फोटो काढून भाडेकरूलाही पाठवा. नंतरचे वाद टळतात हा त्यातला छोटा फायदा. मोठा फायदा असा, की सहा महिन्यांनी त्याच कोपऱ्याचा दुसरा फोटो शेजारी ठेवला, की डोळ्यांना सहज न कळलेला बदल कळतो.

पायरी ३: पाहणी करायला जाणं

ते घर तुमच्या मालकीचं असलं, तरी राहतं घर त्यांचं आहे. आधी कळवून, त्यांच्या सोयीची वेळ विचारून जा. बऱ्याच ठिकाणी लेखी पूर्वसूचना कायद्याने बंधनकारक असते. कपाटं उघडू नका, पसाऱ्यावर बोलू नका. तुम्ही भिंती, पाइप आणि तारा पाहायला आला आहात, संसार पाहायला नाही. आत शिरताच पहिला प्रश्न विचारा: "काही त्रास आहे का?" आणि मग थांबा. लोक लगेच सांगत नाहीत, चहूकडे एक नजर टाकून, आठवून, मग म्हणतात, "तसं काही नाही, पण तो मागचा नळ..." त्या "पण"च्या पुढे बहुतेक वेळा खरी गोष्ट असते.

नवीन भाडेकरू आल्यावर पहिली पाहणी दोन-तीन महिन्यांत, पुढे दर सहा महिन्यांनी. त्यातली एक पावसाळ्याच्या आधी, एक पाऊस संपल्यावर. सोबत टॉर्च, टेस्टर, ॲडजस्टेबल पाना, कोरडा टिश्यू पेपर, खाण्याचा रंग आणि पेन्सिल असली की पुरे. वरून खाली चला: गच्ची, टाकी, छत, भिंती, फरशी, चेंबर. पाणी ज्या वाटेने येतं त्याच वाटेने आपणही यायचं.

पायरी ४: पाणी

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण घराची नासाडी करणाऱ्या बहुतेक गोष्टींच्या मुळाशी पाणीच सापडतं. लोखंड गंजतं पाण्याने, लाकूड कुजतं पाण्याने, वाळवी येते ती ओलाव्याच्या मागे, आणि स्विचबोर्डात ठिणगी उडते तीही बरेचदा ओल्या भिंतीमुळे.

आधी न दिसणारी गळती शोधा. घराला स्वतंत्र मीटर असेल, तर सगळे नळ बंद करून आकडा लिहून ठेवा आणि तास-दोन तास कुणीही पाणी न वापरता पुन्हा पाहा. आकडा हलला म्हणजे कुठेतरी पाणी जातंय. मात्र मीटरनंतर टाकी असेल, तर ही चाचणी फक्त टाकीपर्यंतच्या पाइपची होते, आणि टाकी भरलेली नसेल तर आकडा फसवतो. टाकीच्या पुढच्या पाइपांसाठी रात्री टाकीत येणारं पाणी बंद करा, पातळीवर पेन्सिलने खूण करा आणि सकाळी कुणी नळ उघडण्याआधी पाहा. सामाईक टाकी असलेल्या इमारतीत हे जमत नाही. तिथे कान आणि टिश्यू पेपर यांच्यावर भिस्त.

टिश्यू पेपरचं काम असं: सिंकखालचा बॉटल ट्रॅप (वास अडवण्यासाठी पाणी धरून ठेवणारा बाटलीसारखा भाग), बेसिनचे अँगल कॉक, गिझरचे जोड आणि कमोडला पाणी नेणारी लवचिक नळी, या प्रत्येक जोडाभोवती कोरडा कागद गुंडाळून दाबा. बोटाला न कळणारा ओलावा कागदावर लगेच उमटतो. जोडावर पांढरट-हिरवट क्षार साचलेला दिसला तर तिथे पाणी येऊन सुकतंय असं समजा, आत्ता कोरडं असलं तरीही. नट सैल असेल तर आवळा. पण प्लास्टिकच्या नटावर जोर करू नका, चिरतो. वॉशर बदलून हाताने घट्ट केलेला प्लास्टिकचा नट पान्याने पिळलेल्या नटापेक्षा जास्त टिकतो. टेफ्लॉन टेप गुंडाळायची ती आटे ज्या दिशेने बसतात त्याच दिशेने, नाहीतर नट फिरवताना ती सुटून येते.

फ्लशच्या टाकीची गळती ऐकूही येत नाही आणि ती दिवसरात्र चालते. टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. कमोडमधल्या पाण्यात रंग उतरला, तर तळाचं रबर झिजलंय. ते बदलायला प्लंबरही लागत नाही.

ठिबकणाऱ्या नळाकडे लोक सहज दुर्लक्ष करतात. सेकंदाला एक थेंब पडतो तेव्हा दिवसाला ८६,४०० थेंब होतात. पाण्याच्या नासाडीइतकीच मला काळजी वाटते ती त्या नळाच्या सीटची. झिजलेल्या वॉशरवर नळ बंद होईना, की माणूस तो आणखी आवळतो आणि आतली धातूची बैठक खरवडली जाते. मग वॉशर बदलूनही भागत नाही, नळच बदलावा लागतो.

बाथरूमच्या टाइल्समधले सांधे टॉर्च तिरका धरून पाहा. सरळ उजेडात भेग दिसत नाही, तिरक्या उजेडात तिची सावली पडते. ग्राउट (सांध्यात भरलेला मसाला) निघालेला असेल तिथे जुना भुसभुशीत भाग खरवडून काढा आणि मगच नवा भरा. वरून नुसता लेप दिला तर तो काही महिन्यांत खपलीसारखा सुटतो. भिंत आणि फरशी मिळतात त्या कोपऱ्यात ग्राउट टिकत नाही, कारण दोन पृष्ठभाग वेगवेगळे हलतात. तिथे सिलिकॉन सीलंट हवा. जुना सिलिकॉन पूर्ण काढायचा, जागा स्पिरिटने पुसून कोरडी करायची, मग नवा भरायचा आणि २४ तास पाणी लागू द्यायचं नाही. जुन्या सिलिकॉनवर नवा चिकटत नाही, आणि हे काम बिघडतं ते नेमकं इथेच.

नहाणीच्या जाळीखालची वाटी काढून केस आणि साबणाचा थर साफ करायला भाडेकरूला शिकवा. महिन्यातून एकदा पुरतं. कडक रसायनं ओतून तुंबा काढण्याची सवय लावू नका. आधी रबरी पंप, मग लवचिक तारेचा स्नेक. सिंकमध्ये तेल-तूप ओतलं जातं ते पाइपात थंड होऊन गोठतं आणि त्यावर बाकी सगळं साचतं, हेही पहिल्याच दिवशी सांगण्यासारखं आहे.

वॉशिंग मशीनची पाणी आत घेणारी रबरी नळी सतत दाबाखाली असते, म्हणून ती फुटली की घरात पूर येतो. तिच्यावर फुगवटा, भेगा किंवा जोडापाशी गंज दिसला तर लगेच बदला. काही दिसलं नाही तरी पाच वर्षांनी बदला. मशीन वापरून झाल्यावर नळ बंद करायची सवय असेल तर उत्तमच.

टाकी वर्षातून दोनदा रिकामी करून घासा. झाकण घट्ट बसतं का, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी आहे का, टाकी भरली की पाणी थांबवणारा फ्लोट व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतो का, हे तेव्हाच पाहून घ्या. गच्चीवर पहिलं काम पन्हळ आणि पाणी जाण्याची भोकं मोकळी करणं. पानांचा एक गठ्ठा एका भोकावर बसला, की गच्चीचं तळं होतं. कठडा आणि गच्ची मिळतात तिथला वाटा (सिमेंटने गोलाई दिलेला सांधा), पाइप स्लॅबमधून जातात त्या जागा आणि डिशचे खांब रोवलेली भोकं, या तीन ठिकाणांहून पाणी आधी शिरतं. मधल्या सपाट भागापेक्षा तिथे जास्त लक्ष द्या.

पायरी ५: ओल कुठली आहे ते ओळखा

ओल दिसली की रंगारी बोलावणं ही फार महाग चूक आहे. ओलीवर दिलेला कुठलाही रंग, "डॅम्प-प्रूफ" म्हणून विकलेलासुद्धा, काही महिन्यांत फुगतो, कारण पाणी मागून येतच असतं. आधी जात ओळखा.

छताजवळ पसरलेला, कडा तपकिरी असलेला डाग वरून येणाऱ्या गळतीचा. तो फक्त पावसात वाढत असेल तर गच्ची किंवा बाहेरची भिंत. बारमाही वाढत असेल तर वरचं बाथरूम. जमिनीपासून सुरू होऊन साधारण मीटरभर उंचीपर्यंत चढलेली, वर पांढऱ्या मिठाची रेघ सोडणारी ओल जमिनीतून वर येते. आणि कोपऱ्यात, कपाटामागे, खिडकीभोवती ठिपक्याठिपक्यांची काळी बुरशी असेल, तर बरेचदा ती आतल्या हवेतली वाफ थंड भिंतीवर जमल्याची खूण असते.

शंका असेल तर तळहाताएवढा ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा भिंतीवर ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा आणि दोन दिवस थांबा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला पाण्याचे कण दिसले तर ओलावा हवेतला. भिंतीकडच्या बाजूला दिसले तर तो भिंतीतून येतोय. पहिल्या प्रकाराला उपाय हवा खेळती ठेवणं: एक्झॉस्ट फॅन दुरुस्त करणं, कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवणं, आतल्या आत कपडे न वाळवणं. दुसऱ्याला उगम शोधून बंद करणं. उगम बंद झाल्यावरही भिंत पूर्ण वाळायला काही आठवडे द्या, रंग त्यानंतरच.

पाणी सांडलं, गादी किंवा प्लायवूड भिजलं, तर एक-दोन दिवसांत बुरशी धरू लागते. म्हणून गळती थांबवण्याइतकंच भिजलेलं वाळवणं तातडीचं आहे. पंखे लावा, कपाटं रिकामी करून दारं उघडी ठेवा.

पायरी ६: वीज, गिझर, गॅस

इथे बिघाड म्हणजे केवळ खर्च नव्हे. माणसाच्या जिवाशी गाठ आहे, आणि त्या घरात राहणाऱ्यांनी आपल्यावर विश्वास ठेवलेला असतो.

विजेच्या बोर्डात आरसीसीबी आहे का ते पाहा. घरगुती संरक्षणासाठीचा ३० मिलिॲम्पिअरचा असतो. एवढा प्रवाह भलत्या वाटेने जाऊ लागला की तो क्षणार्धात वीज तोडतो. एमसीबी हे काम करत नाही. तो तारा तापू नयेत म्हणून असतो, माणसाला धक्क्यापासून वाचवायला नव्हे. आरसीसीबीवर "टी" किंवा "टेस्ट" लिहिलेलं बटण असतं. ते दर तीन महिन्यांनी दाबायचं. खटका पडला पाहिजे. नाही पडला तर त्याच आठवड्यात बदला. या बटणाने अर्थिंगची तपासणी होत नाही, ती इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्यावी लागते, आणि प्रत्येक नव्या भाडेकरूआधी मी ती करून घेतो.

बाकी तपासणी नाकाने, हाताने आणि डोळ्यांनी होते. स्विचबोर्डाला हाताची उलटी बाजू जवळ नेऊन पाहा. गिझर किंवा एसी चालू असताना प्लग गरम लागत असेल, पिवळा पडला असेल, प्लास्टिक जळल्याचा वास असेल, तर आत जोड सैल आहे. पुन:पुन्हा पडणाऱ्या एमसीबीच्या जागी मोठ्या क्षमतेचा बसवून देणारा कारागीर भेटला तर त्याला नम्रपणे परत पाठवा. तार तीच राहते आणि आता ती तापली तरी तोडणारं काही उरत नाही.

साठवणीच्या गिझरच्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकीऐवजी ती स्वतः गंजते, म्हणून टाकी वाचते. कांडी संपली की गंज टाकीला लागतो. जड पाणी असेल तिथे दर वर्षी, नाहीतर दोन वर्षांतून एकदा ती तपासून घ्या. त्याच वेळी तळाचा क्षार निघतो आणि एलिमेंट साफ होतं. प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हमधून थेंब येतात म्हणून त्याला बूच लावलेलं मी दोन घरांत पाहिलंय. असं कधीही होऊ देऊ नका, वाढलेला दाब बाहेर पडायला दुसरी वाट नसते. तापमान साधारण ६० अंशांवर ठेवतात, कारण साठलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढतात. पण ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं. लहान मुलं किंवा वृद्ध राहणार असतील तर मिक्सर नीट चालतो ना, हे स्वतः हात लावून पाहा.

गॅसच्या नळीवर छापलेली मुदत वाचा. जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गळती. काडी पेटवून कधीही पाहायचं नाही. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो, म्हणून खालच्या बाजूला हवा जायला जागा हवी. आणि गॅस गिझर बंद बाथरूममध्ये असेल, तर आजच बाहेर काढा. त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि आंघोळ करणाऱ्या माणसाला काही कळायच्या आत तो बेशुद्ध पडतो. याबाबतीत "खिडकी उघडी ठेवा" असं भाडेकरूला सांगून भागवू नका. थंडीत ती खिडकी बंदच होणार.

धुराचा अलार्म असेल तर महिन्यातून एकदा बटण दाबून पाहायचं, आणि दहा वर्षांनी तो चालू वाटत असला तरी बदलायचा. एसीची जाळी वापराच्या दिवसांत दोन ते चार आठवड्यांनी धुवायची. एसीतून खोलीत पाणी ठिबकत असेल तर आधी त्याच्या पाण्याचा पाइप शेवाळाने तुंबलाय का ते पाहा.

पायरी ७: भेगा, लाकूड, कुलपं

गिलाव्यातल्या केसाएवढ्या भेगा बहुतेक घरांत असतात आणि त्यांच्यामुळे झोप उडवून घेण्याची गरज नाही. दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी, रुंदावत जाणारी भेग वेगळी. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहा. सहा महिन्यांनी ती रेघेच्या पुढे गेली असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. तुळई, खांब किंवा स्लॅबवर भेगेसोबत तांबूस डाग दिसत असेल तर थांबूच नका. आतली सळई गंजतेय, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो काँक्रीट आतून फोडतो. टिचकी मारल्यावर पोकळ आवाज येणारा भाग नुसता सिमेंटने लिंपून झाकणं म्हणजे गंजाला आत कोंडून वाढू देणं.

बाथरूमच्या दाराच्या चौकटीचा खालचा वीतभर भाग स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहा. आत घुसला तर लाकूड कुजलंय. भिंतीवर मातीची बारीक नळीसारखी रेघ दिसली तर ती वाळवीची वाट आहे. पुसून टाकू नका, आधी फोटो काढा आणि ती कुठून कुठे जाते ते पाहा. कुलपात खोबरेल किंवा मशीनचं तेल घालू नका, धूळ चिकटून ते आणखी अडतं. ग्राफाइटची पूड घाला.

पायरी ८: दोन भाडेकरूंमधले दिवस

घर रिकामं असतं ते दिवस मोलाचे. आधी ओली आणि फोडाफोडीची कामं, मग वीज, मग सुतारकाम, आणि रंग सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटला की नव्या रंगावर गवंड्याचे हात उमटतात. मुख्य दाराच्या कुलपाचं सिलिंडर प्रत्येक वेळी बदला. जुन्या किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत हे कुणालाच माहीत नसतं.

घर काही आठवडे बंद राहणार असेल, तर ट्रॅपमधलं पाणी सुकतं आणि गटाराची दुर्गंधी व झुरळं आत येतात. दर पंधरवड्याला प्रत्येक नहाणीत आणि बेसिनमध्ये तांब्याभर पाणी ओता. जास्त काळ जाणार असेल तर वर चमचाभर तेल घाला, पाणी उडायला वेळ लागतो. मुख्य कॉक बंद ठेवा, गिझरचा स्विच बंद ठेवा, आणि नवा माणूस येण्याआधी सगळे नळ काही मिनिटं सोडून साठलेलं पाणी जाऊ द्या.

पायरी ९: पैसे आणि माणसं

मिळणाऱ्या भाड्यातला दहावा हिस्सा मी दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकतो. जुन्या घराला तो कमी पडतो, नव्या घरात सुरुवातीला साठत जातो, आणि गिझर-पंप एकाच वर्षी गेले तरी भाडेकरूला "पुढच्या महिन्यात बघू" म्हणावं लागत नाही. घराचं वय दहाच्या पुढे गेलं की हिस्सा वाढवा.

प्लंबर, इलेक्ट्रिशियन, गवंडी यांच्यापैकी जो चांगला भेटेल त्याला धरून ठेवा. त्याचे पैसे काम झालं त्याच दिवशी द्या. स्वस्त माणूस दर वेळी वेगळा येतो आणि आधीच्याने काय केलं हे त्याला ठाऊक नसतं. नेहमीच्या माणसाला तुमच्या घरातला प्रत्येक पाइप पाठ असतो. काम सुरू होण्याआधीचा आणि झाल्यानंतरचा असे दोन फोटो त्याच्याकडून मागून घ्या.

दुरुस्ती झाली म्हणजे विषय संपला असं समजू नका. गळतीचं काम असेल तर पंधरा दिवसांनी भाडेकरूला फोन करा: ती जागा कोरडी आहे का, हात लावून बघा आणि सांगा. उत्तर आलं की वहीत तारीख घाला. त्या अँगल कॉकच्या घरात आता राहणाऱ्या काकू मला न विचारताच दर महिन्याला सिंकखालच्या जोडाला कागद लावून पाहतात. मागच्या खेपेला त्यांनी फोटो पाठवला होता. कागदावर नखाएवढा ओला ठिपका होता. संध्याकाळपर्यंत वॉशर बदलून झाला.